फाइल नागपूरला, पाय घरी

तुमच्या घरातून सध्या एखादी मणक्याची फाइल गावोगाव फिरत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. मी डॉक्टर नाही. म्हणजे आमच्या संग्रामपूर तालुक्यात मला सगळे ‘डॉक्टरबाई’च म्हणतात, पण माझे पेशंट चार पायांचे. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. एकवीस वर्षं गाई-म्हशींना टोचतेय, अडलेल्या गाई सोडवतेय आणि स्कूटीवरून सातपुड्याच्या पायथ्याची गावं पालथी घालतेय. दिवसातून शंभर वेळा वाकायचं, हेच माझं काम. त्यामुळे कंबर दुखायला लागली तेव्हा मी तिला फारशी किंमत दिली नाही.

दुखणं कमरेतून डाव्या मांडीत, मांडीतून पोटरीच्या बाहेरच्या बाजूला आणि तिथून पावलाच्या वर अंगठ्यापर्यंत उतरलं, तेव्हा मात्र मला त्यात रस वाटायला लागला. हो, रसच. दुखणं रोज त्याच वाटेने जातं म्हणजे आत तशी वाट असणार. मी पेनाने पायावर रेघ ओढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुखणं तिच्यावरूनच जातं का ते तपासलं. अगदी तिच्यावरूनच गेलं.

आमचे हे, अशोक, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहेत. त्यांनी ती रेघ बघितली आणि म्हणाले, “सुजाता, नकाशा लय झाला आता. अकोल्याले जाऊ.”

*

अकोल्याला एमआरआय झाला. मणक्याचे डॉक्टर तरुण होते, हुशार होते आणि घाईत होते. त्यांनी फिल्म उजेडाच्या डब्यावर लावली. “चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकली आहे. नस दाबली गेलीय. ऑपरेशन करून घ्या, पंधरा दिवसांच्या आत.”

मी मणके मोजत होते. गाईला कमरेचे मणके सहा, आपल्याला पाच. इतकी वर्षं दुसऱ्यांचे मोजले, स्वतःचे पहिल्यांदा दिसत होते. छान ओळीत बसलेले, मधल्या गाद्या उजळ आणि ती एकच काळपट. मी विचारलं, “डॉक्टर, बाकीच्या गाद्या उजळ आहेत, मग हीच काळी का दिसते?”

“मॅडम, ते आमच्यावर सोडा.”

त्यांनी बेल वाजवली. पुढचा पेशंट आत आला तेव्हा मी अजून टेबलाचा कोपरा धरून उठत होते.

खरं सांगते, मला भीती नंतर वाटली, आधी राग आला. माझी पाठ, माझी गादी, आणि मीच विचारायचं नाही? एसटीत बसल्या बसल्या मी जाहीर करून टाकलं, “दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय मी पाठीला हात लावू देणार नाही.”

“विचार ना,” हे म्हणाले. “पण पंधरा दिवस म्हनलं त्यायनं. ते ध्यानात ठेव.”

मी खिडकीबाहेर बघत बसले. पंधरा दिवस ही डॉक्टरांची घाबरवायची पद्धत असते, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

*

मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की आमच्या भागात एकच माणूस पुढे येतो. ‘टुनकीकडचा तो’. त्याने पाठीचं ऑपरेशन केलं आणि कायमची खाट धरली. किराणा दुकानात, दवाखान्यात, शेजारच्या ओट्यावर, जिथे बातमी गेली तिथे मला हा माणूस भेटला. “टुनकीकडच्याचं काय झालं, माहीत हाय ना डॉक्टरबाई?” त्याचं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं. बघितलेलाही कुणी नव्हता. पण दिवसा कितीही हसण्यावारी नेलं, तरी अंथरुणावर आडवी झाले की तो खाटेवर पडलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढे यायचाच.

अशा वेळी माझा धाकटा भाऊ प्रमोद आला. तो मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम आहे. कुणाच्याही अडचणीला सगळ्यांत आधी पायात चपला घालणारा माणूस.

“ताई, तू काऊन तरास घेतं? तुले गाडीत बसता येते काय आता? फाइल दे. मी जातो नागपूरले.”

आमच्याकडे हीच रीत आहे. पेशंट घरी राहतो आणि फाइल गावाला जाते. घरातला बोलका, हिंदी बऱ्यापैकी येणारा माणूस प्लास्टिकच्या पिशवीत फिल्म घालतो, मोठ्या शहरातल्या डॉक्टरपुढे ठेवतो, दुखणं आपल्या शब्दांत सांगतो आणि मत घेऊन येतो. पेशंटचे हाल वाचतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

आणि वावगं वाटायला हवं होतं ते मलाच. माझ्या दवाखान्यात रोज कुणीतरी नुसताच येतो. “डॉक्टरबाई, बैल लंगडून राह्यला, औषध द्या.” मी त्याला विचारते, बैल कुठे आहे? “घरी.” मग मी त्याला आल्या पावली परत पाठवते. चालणारा बैल बघितल्याशिवाय मी गोळी देत नाही, यावर गावागावांत माझ्या नावाने लोक कुरकुरतात. त्याच मी प्रमोदच्या हातात फाइल दिली आणि वर प्रवासासाठी धपाटे बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “ताई! नाही म्हनलं! ऑपरेशनची गरजच नाही म्हनलं! गोळ्या, आराम अन् व्यायाम.”

मी फोनवर ढसाढसा रडले. इतकी रडले की प्रमोदला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. ह्यांनी फोन घेऊन विचारलं, “डॉक्टरनं काय काय इचारलं?”

“इचारलं ना. पेशंट कसा हाय म्हने. म्या सांगतलं, दुखते, पन चालते-फिरते.”

ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पंधरा दिवस मोजले. त्यांचं ते मोजणं मला आवडलं नाही आणि त्या आठवड्यात आमचं दोनदा वाजलं.

*

मग चमत्कार झाला. तीनेक आठवड्यांत दुखणं उतरायला लागलं. पोटरीतली कळ गेली, मांडीतली विरळ झाली. मी भेटेल त्याला सांगत सुटले. टुनकीकडच्या माणसाचं नाव घेणाऱ्याला तर मुद्दाम गाठून सांगितलं. रजा संपवली आणि कामावर रुजू झाले.

एकच बारीकसा त्रास होता. डाव्या पायातली चप्पल सारखी निसटायची. पट्टा ढिला झाला असेल म्हणून मी बाजारातून नवी चप्पल आणली, एक नंबर लहान. तीही निसटायची. मी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली.

जानेवारीत लाळ्या-खुरकताच्या लसीकरणासाठी टुनकीला गेले. हातातलं काम संपलं तसा डोक्यात किडा वळवळला. हा माणूस खरंच आहे का? मला आता ऑपरेशन करायचं नव्हतं, त्यामुळे त्याची भीतीही उरली नव्हती. नुसती उत्सुकता होती. चार ठिकाणी विचारल्यावर एका पोराने बोट दाखवलं.

माणूस खरा होता. देविदासभाऊ. पन्नाशीचे, अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. शेजारी वॉकर. मी ‘जय भीम’ म्हटलं, त्यांनीही म्हटलं आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवून मला बसायला जागा करून दिली.

मी भीड न ठेवता विचारलं, “भाऊ, लोक म्हणतात ऑपरेशनने तुमचे पाय गेले.”

ते हसले. “लोकायले कोनाकोनाले सांगू, डॉक्टरबाई? ऑपरेशननं नाही गेले. म्या आठ महिने थांबलो. हा नाही म्हने, तो नाही म्हने, जो नाही म्हने तो डॉक्टर मले चांगला वाटे. मंग दुखनं थांबलं. मले वाटलं, बरं झालो.”

“मग?”

“मंग काय. नस मरून राह्यली होती, म्हून दुखनं थांबलं होतं. ऑपरेशन केलं तवा लय उशीर झालता. डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं, आता पाय येतील याचा भरोसा नाही.”

मला एकाएकी तिथे बसवेना. त्यांची बकरी खोकत होती, तिला बघते म्हणून मी उठले आणि गोठ्याकडे निघाले. सात-आठ पावलं गेले असेन.

“डॉक्टरबाई, चप्पल.”

मी वळून बघितलं. माझी डावी चप्पल मागे, चार पावलांवर पडली होती. मी अनवाणी पायाने चार पावलं चालले होते आणि पायाला ते कळलं नव्हतं.

“ढिली आहे हो,” मी म्हणाले.

“नवी दिसते,” देविदासभाऊ म्हणाले. ते आता हसत नव्हते. “कवापासून निसटते?”

“महिना झाला असेल.”

“माही बी निसटे. म्याबी तवा चपलच बदलली होती. बाई, बकरी राहू द्या. तुम्ही उद्याच जा.”

*

खामगावला आठवड्यातून एकदा मणक्याच्या एक वयस्कर बाई डॉक्टर येतात. दुसऱ्या दिवशी त्यांचाच वार होता. आम्ही दोघं गेलो. ह्यांनी फाइल पुढे केली. बाईंनी ती हातात घेतली आणि न उघडताच बाजूच्या खुर्चीवर ठेवली. “हिचं नंतर बघू. ताई, आधी तुम्ही चालून दाखवा.”

चालले. मग टाचांवर चालायला सांगितलं. उजवी टाच टिकली. डावं पाऊल उचललंच गेलं नाही, सपाट पडलं, फट्कन आवाज आला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज. मी मनातून पावलाला हुकूम देत होते आणि हुकूम वाटेत कुठेतरी हरवत होता. मी घाबरले होते, आणि तरी, सांगायला लाज वाटते, मला ते बघत राहावंसं वाटत होतं.

बाईंनी टाचणीने माझ्या पायावर टोचत टोचत विचारलं, इथे कळतं का, इथे? जिथे कळत नव्हतं तिथे त्यांनी पेनाने रेघ ओढली. ती जवळपास माझ्याच रेघेवरून गेली. मी तसं सांगितलं तर त्या मनापासून हसल्या. “मग तुम्ही मला आधीच का नाही भेटलात?”

“फाइल भेटायला गेली होती,” हे म्हणाले.

बाईंनी मग फाइल उघडली, नागपूरचा कागद वाचला. “त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना दाखवलेल्या फोटोत पाऊल नव्हतं. आणि दुखणारा, पण चालता-फिरता पेशंट असेल तर मीही थांबा म्हणाले असते.” मग माझ्याकडे वळल्या. “आता विचारा.”

मला विश्वासच बसेना. मी विचारत गेले आणि त्या उत्तरं देत गेल्या. गादी काळी का? तिच्यातलं पाणी आटलं म्हणून. नेमकं काय कापतात? नसेवर आलेला तुकडा काढतात, मणका कापत नाहीत. मला चालताच येणार नाही, असं होईल का? फार क्वचित. आणि शेवटचा प्रश्न: पाऊल परत उचलेल का?

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “हमी देणार नाही. थांबलात तर मात्र बहुतेक उचलणार नाही. अकोल्याच्या डॉक्टरांकडेच परत जा. हात चांगला आहे त्यांचा.”

ज्याच्यावर रागावून मी दोन महिने घालवले, त्याच्याकडेच परत जायचं होतं.

*

प्रमोदला फोन करून सगळं सांगितलं. मी रागाने काहीबाही बोलणार होते, पण त्याआधी त्यानेच विचारलं, “म्हंजे माह्याच्यानं झालं काय, ताई?” त्याचा आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर यायचा तसा होता. मी म्हणाले, “धपाटे मी बांधून दिले होते रे.” तो त्याच संध्याकाळी अकोल्याला येऊन थांबला आणि ऑपरेशन होईपर्यंत हलला नाही. ह्यांनी मात्र एकदाही ‘मी म्हणत होतो’ असं म्हटलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर केलेले उपकार मोजायला बसले, तर हा फार वरचा आहे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नव्याने एमआरआय केला. सहीचा कागद पुढे आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. “डॉक्टर, माझे तीन प्रश्न आहेत. उत्तरं मिळाली की सही करते.” त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसले. मी जनावरांचे मणके मोजते असं सांगितल्यावर त्यांनी कागदाच्या पाठीवर नसेचं चित्र काढून दिलं आणि मलाच उलटं विचारलं, “गाईची गादी सरकते का हो?” “सरकते,” मी म्हणाले, “पण गाय बिचारी सांगत नाही.” सही झाली तेव्हा आमची बऱ्यापैकी ओळख झाली होती.

हॉस्पिटलच्या दिवसाला स्वतःचं वेळापत्रक असतं. सहाला चहा, सातला चादरी बदलणाऱ्या मावशी, नऊला डॉक्टरांचा ताफा, मग डबे येण्याची वाट. ऑपरेशन झालेल्या बायांना कुशीवर वळायचं तर लाकडाचा ओंडका वळवावा तसं आख्खं अंग एकदम वळवायचं. मावशी वळवता वळवता प्रत्येकीला तिच्या गावच्या बाजारात कांदा काय भाव आहे ते विचारत. दुखत असताना कांद्याचा भाव आठवावा लागतो आणि तेवढ्यात वळून होतं.

ऑपरेशनच्या टेबलावर मात्र मी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, “काय होतंय?” मी म्हणाले, “तुम्ही काय करताय ते बोलत राहा, म्हणजे मला बरं वाटेल.” आणि ते बोलत राहिले. आता सुई, आता औषध, आता हाताला गार लागेल. गार लागलं. पुढचं मला आठवत नाही.

*

शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट मी पावलाला हुकूम दिला. पाऊल तसंच पडून राहिलं. मांडीतली उरलीसुरली कळ गेली होती, पाठीला टाके होते, आणि अंगठा जिथल्या तिथे.

“वाट बघायची,” डॉक्टर म्हणाले. “नस गवतासारखी वाढते, मॅडम. बघत बसलं तर दिसत नाही.”

तरी मी बघत बसले. घरी आल्यावर रोज सकाळी पांघरूण बाजूला करून अंगठ्याकडे बघायची. हे माझ्या पायाची नखं कापून द्यायचे, मला त्याची लाज वाटायची आणि ते मुद्दाम सावकाश कापायचे. दोन आठवडे गेले, तीन गेले. एका सकाळी मला फार राग आला. मी स्वतःला जी नावं ठेवली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. त्या पंधरा दिवसांच्या आत आले असते, तर हे पाऊल कदाचित शाबूत असतं. हे खरं आहे आणि ते कुठल्या डॉक्टरमुळे झालं नाही. मी मत शोधायला निघाले नव्हते, ‘नाही’ शोधायला निघाले होते. ते मिळालं आणि मी शोध थांबवला.

पाचव्या आठवड्यात हे नखं कापता कापता थांबले. “सुजाता, आता तू हलवलं काय?”

“काय?”

“अंगठा. पुन्हा हलव.”

मी हलवला. ह्यांनी हातातलं नेलकटर बाजूला ठेवलं आणि नुसते बघत बसले. गव्हाच्या दाण्याएवढा हलला होता.

*

एप्रिलात मी टुनकीला गेले, या वेळी सुट्टी काढून, एसटीने. देविदासभाऊ सावलीला खाट ओढून बसले होते. मी फाटकातून येताना त्यांनी वरून खाली नाही, थेट खाली बघितलं, माझ्या पावलांकडे.

“उचलते?”

“उचलतं. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर येत राहील, किती ते सांगता येत नाही.”

“चालून दाखवा.”

मी चपला काढल्या. दोन्ही हात बाजूला पसरले आणि त्यांच्या अंगणात टाचांवर चालायला लागले. ते मोठ्याने मोजत होते. एक. दोन. तीन. चार. पाचव्याला डावं पाऊल थरथरलं. सहाव्यालाही टिकलं. सातव्याला खाली पडलं.

खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी तोंड पुसलं. मला वाटलं, आपण इथे येऊन, या माणसापुढे असं चालून चूक केली. मी चपला घालायला वाकणार, तेवढ्यात ते म्हणाले, “अजून एक डाव.”

मी वळले आणि पुन्हा टाचा टेकवल्या.